खामगावचा कापूस आणि राजाबाई टॉवर

1864 च्या ऑगस्टमध्ये मुंबईतल्या एका तेहतीस वर्षांच्या दलालाने सरकारला पत्र लिहून कळवलं, की विद्यापीठाच्या ग्रंथालयासाठी आपण दोन लाख रुपये देतो. दोनच महिन्यांनी, ऑक्टोबरात, दुसरं पत्र गेलं. त्यात आणखी दोन लाख होते आणि एक अट होती. ग्रंथालयाला जोडून मोठ्या घड्याळाचा, घंटांचा मनोरा बांधावा आणि त्याला आपल्या आईचं नाव द्यावं. दलालाचं नाव प्रेमचंद रायचंद, आईचं राजाबाई.

त्या काळचे चार लाख म्हणजे डोळे फिरवणारी रक्कम. ती एका माणसाकडे आली कुठून, हे समजून घ्यायचं तर मुंबई सोडून वऱ्हाडात यावं लागतं.

1861 च्या एप्रिलमध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेकडची बंदरं अडवली आणि इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्यांना मिळणारी अमेरिकन रुई बंद झाली. गिरणीवाल्यांच्या नजरा हिंदुस्थानकडे वळल्या. इथला कापूस आखूड धाग्याचा, त्यात कचरा फार, म्हणून एरवी नाकं मुरडली जायची. आता त्याच कापसाला तिप्पट-चौपट भाव मिळू लागला. गुजरात, खानदेश, धारवाड आणि वऱ्हाड या चारही बाजूंनी गाठी मुंबईकडे निघाल्या, कुलाब्याच्या कापूस मैदानावर ढीग लागले आणि मुंबईत पैशाचा पूर आला.

वऱ्हाड तेव्हा इंग्रजांच्या ताब्यात येऊन जेमतेम दहा वर्षं झाली होती. 1853 च्या तहाने निजामाने तो प्रदेश त्यांच्या हवाली केला होता. आज बुलढाणा जिल्ह्यात असलेलं आणि 1905 पर्यंत अकोला जिल्ह्यात मोडणारं खामगाव ही त्यातली कापसाची मोठी पेठ. 1820 च्या सुमारास काही व्यापाऱ्यांनी इथे दुकानं थाटली तेव्हा मुख्य व्यवहार तूप आणि सुताचा होता, कापूस थोडकाच. पुढच्या पन्नास वर्षांत पारडं पुरतं उलटलं आणि खामगावचं नाव देशातल्या पहिल्या कापूस बाजारांत घेतलं जाऊ लागलं. युद्धाच्या वर्षांत खामगावपर्यंत रेल्वे नव्हती. माल बैलगाड्यांनी आणि लमाणांच्या बैलांच्या पाठीवरून निघायचा, घाट उतरायचा, वाटेत पावसाने भिजायचा, धुळीने मळायचा आणि तरीही विकला जायचा.

राजाबाई टॉवरचा दगड न् दगड खामगावच्या पैशातून उभा राहिला असं म्हणणं अतिशयोक्तीचं होईल. प्रेमचंदांची कमाई कापसाची होती, तशी बँकांची होती, शेअर्सच्या सट्ट्याची तर होतीच. पण त्या सगळ्या खेळाच्या बुडाशी जो कापूस होता त्यात वऱ्हाडचा वाटा होता, आणि मुंबईच्या या प्रसिद्ध इमारतीबद्दल लिहिताना तो सहसा कुणाला आठवत नाही. मुंबईचे मार्गदर्शक ‘कापसाच्या तेजीतून’ एवढे दोन शब्द टाकून पुढे जातात. तो कापूस कुणाच्या शेतातला, ज्वारीची पट्टी मोडून कुणी पेरला, भाव चढला तेव्हा त्यातलं किती शेतकऱ्याच्या हाती पडलं आणि किती सावकार-अडत्यांच्या, हे प्रश्न त्या वाक्यात मावत नाहीत. इतिहासकार स्वेन बेकर्ट यांनी 2014 साली कापसाचा जागतिक इतिहास लिहिला, तेव्हा त्यांना मात्र खामगावला टाळता आलं नाही.

प्रेमचंद मूळचे सुरतेचे, जैन. इंग्रजी बोलता-लिहिता येणारे मुंबईच्या बाजारातले पहिले देशी दलाल अशी त्यांची ख्याती. तेजीच्या काळात त्यांच्या शब्दावर बँका कर्ज देत आणि कंपन्या उभ्या राहत. समुद्रात भर घालून जमीन करणाऱ्या बॅक बे कंपनीचे शेअर्स दर्शनी किमतीच्या कैक पटींनी विकले जात होते, जमीन अजून पाण्याखालीच होती. 1865 च्या वसंतात अमेरिकेतलं युद्ध संपल्याची बातमी आली आणि कापसाचे भाव कोसळले. 1 जुलै 1865 हा वायद्यांच्या हिशेबाचा दिवस मुंबईच्या बाजाराने काळा दिवस म्हणून लक्षात ठेवला. कंपन्या बुडाल्या, बँक ऑफ बॉम्बे डबघाईला आली, प्रेमचंदही बुडाले. त्यांची देणगी मात्र टिकली. ज्या फुग्यातून ती निघाली तो फुटला आणि दान तेवढं दगडात उतरलं. मुंबईच्या त्या तेजीचं डोळ्यांना दिसणारं असं फार थोडं उरलं आहे.

देणगी आली तेव्हा विद्यापीठाला स्वतःचं छप्परही नव्हतं. 18 जुलै 1857 रोजी, उत्तरेत बंडाचा वणवा पेटलेला असताना, मुंबई विद्यापीठाची कायद्याने स्थापना झाली. 1862 साली महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक हे पहिले चार पदवीधर बाहेर पडले, ते या इमारतींशिवायच. परीक्षा आणि पदवीदान समारंभ टाउन हॉलमध्ये होत. पुढे गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांनी किल्ल्याचे तट पाडले, शहराला पश्चिमेकडे मोकळी जागा मिळाली आणि सरकारी इमारतींची रांग उभी राहू लागली. त्या रांगेत विद्यापीठाला दोन इमारती मिळाल्या. एक सर कावसजी जहांगीर रेडीमनी यांच्या देणगीतलं दीक्षान्त सभागृह, आणि शेजारी प्रेमचंदांचं ग्रंथालय.

दोन्हींचे नकाशे लंडनहून आले. वास्तुकार जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट हे त्या काळातलं इंग्लंडमधलं मोठं नाव. लंडनच्या सेंट पँक्रस स्थानकापुढचं हॉटेल त्यांचंच. याच सुमारास ते ग्लासगो विद्यापीठाची मुख्य इमारतही बांधत होते. तिचा मनोराही साधारण राजाबाई टॉवरच्याच उंचीचा आहे, म्हणजे दोन विद्यापीठांची ही भावंडं दोन खंडांत एकाच वेळी वाढत होती. स्कॉट कधीही मुंबईला आले नाहीत. तरी इथल्या उन्हापावसाची कल्पना त्यांनी कागदावर बरीच अचूक केली. कमानींच्या सावलीतले व्हरांडे, हवेशीर गोल जिने, उंच छत. 1 मार्च 1869 रोजी पायाभरणी झाली आणि नोव्हेंबर 1878 मध्ये काम पुरं झालं. त्या आधीच, मार्च 1878 मध्ये, स्कॉट वारले होते. एकूण खर्च साडेपाच लाखांच्या घरात गेला आणि 27 फेब्रुवारी 1880 रोजी ग्रंथालय विद्यार्थ्यांसाठी उघडलं.

नकाशा साहेबाचा असला तरी दगड, हात आणि बरीचशी नजर इथली. भिंतींना कुर्ल्याच्या खाणीतला पिवळसर दगड वापरला, कोरीव कामाला पोरबंदरचा मऊ दगड. 280 फूट उंचीच्या मनोऱ्यावर चोवीस पुतळे आहेत. पश्चिम भारतातल्या वेगवेगळ्या जातीजमातींचे लोक आपापल्या पेहरावात तिथे उभे आहेत. हे पुतळे घडवले रावबहादूर मुकुंद रामचंद्र या सहायक अभियंत्याने. युरोपातल्या गॉथिक चर्चवर ज्या जागी संत आणि देवदूत असतात, त्या जागी मुकुंद रामचंद्रांनी पगड्या आणि पागोटी नेऊन बसवली. स्कॉटचं नाव प्रत्येक पुस्तकात सापडतं, मुकुंद रामचंद्रांचं शोधावं लागतं. खरं तर खालून जाणाऱ्या माणसाची मान वर वळते ती या पुतळ्यांमुळे.

मनोऱ्यातलं घड्याळ लंडनच्या लुंड अँड ब्लॉकली कंपनीचं. सोळा घंटा आहेत आणि एके काळी त्यावर सोळा धून वाजत, त्यात इंग्रजांचं राष्ट्रगीतही होतं. राजाबाईंना डोळ्यांनी दिसत नव्हतं आणि जैन आचाराप्रमाणे सूर्यास्तापूर्वी जेवायचं असल्यामुळे संध्याकाळच्या टोल्यांवरून त्यांना वेळ कळावी म्हणून मुलाने मनोरा बांधला, अशी एक गोष्ट मुंबईत सांगतात. गोष्ट गोड आहे, पण मनोरा पुरा व्हायला देणगीनंतर चौदा वर्षं लागली, हेही लक्षात ठेवावं. पुढे या उंचीने वेगळंच नाव कमावलं. 1891 च्या एप्रिलमध्ये दोन तरुण पारशी स्त्रियांचा इथून पडून मृत्यू झाला आणि त्यावरून झालेल्या खटल्याने शहर ढवळून निघालं. आता मनोऱ्यावर लोकांना सोडत नाहीत.

वऱ्हाडशी आणखी एक धागा याच इमारतीसमोरून जातो. 1870 साली व्हाइसरॉय लॉर्ड मेयो खामगावला आला आणि त्याने जलंब-खामगाव या छोट्या रेल्वे फाट्याचं उद्घाटन केलं. मुंबई-नागपूर मुख्य मार्ग 1867 मध्ये पुरा झाला होता, पण तो खामगावला बगल देऊन गेला होता. या तेरा किलोमीटरने ती चूक दुरुस्त झाली आणि गाठी थेट डब्यात चढू लागल्या. दोनच वर्षांनी, फेब्रुवारी 1872 मध्ये, अंदमानात मेयोची हत्या झाली. विद्यापीठ आणि ओव्हल मैदान यांच्या मधल्या रस्त्याला मुंबईने त्याचं नाव दिलं. आज तो कर्मवीर भाऊराव पाटील मार्ग आहे. खेड्यापाड्यांतल्या पोरांना शिकवण्यात आयुष्य घालवलेल्या माणसाचं नाव विद्यापीठाच्या दारात लागलं, हा बदल चांगलाच झाला.

वऱ्हाडातली मुलंही या विद्यापीठात शिकली. अमरावतीचे दादासाहेब खापर्डे एल्फिन्स्टन कॉलेजचे विद्यार्थी. नंतर 1923 मध्ये नागपूर विद्यापीठ झालं, 1983 मध्ये अमरावती विद्यापीठ झालं आणि बुलढाणा जिल्ह्याची मुंबईशी असलेली शैक्षणिक नाळ तुटली.

सव्वाशे-दीडशे वर्षांत राजाबाई टॉवरच्या इमारतीवर जे गुदरलं ते समजायला स्थापत्यशास्त्राची पदवी लागत नाही. मुंबईत वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. समुद्र हाकेच्या अंतरावर, म्हणजे वाऱ्यात मीठ. खालून दिवसभर वाहनांचा धूर. पाणी सांध्यांत शिरतं, सांध्यात पिंपळ रुजतो, पिंपळाचं मूळ दगड सरकवतं, सरकलेल्या दगडातून आणखी पाणी आत येतं. रंगीत काचांच्या खिडक्यांचं दुखणं वेगळं. त्यात काचेचे तुकडे शिशाच्या पट्ट्यांत बसवलेले असतात आणि त्यांना मागून लोखंडी सळ्यांचा आधार असतो. शिसं वर्षानुवर्षं थकून वाकतं. लोखंड गंजलं की फुगतं, आणि फुगलेलं लोखंड काचही तडकवतं, दगडही.

पण जुन्या इमारतींचा सर्वांत मोठा वैरी पाऊस नव्हे, मधल्या काळातली दुरुस्ती. गळतंय म्हटलं की सिमेंट थोपायचं, भिंत काळी पडली की तैलरंग फासायचा, विजेची वायर लागली की कोरीव दगडाला भोक पाडायचं. जुनी भिंत चुन्यात बांधलेली असते. चुना मऊ आणि सच्छिद्र. भिंतीत शिरलेलं पाणी त्यातून पुन्हा बाहेर पडतं. सिमेंट हा रस्ता बंद करतं. घामाने भिजलेल्या माणसाला प्लास्टिकचा रेनकोट चढवावा तसा प्रकार होतो. आत कोंडलेल्या ओलीतला क्षार दगडाच्या पृष्ठभागाखाली स्फटिक होऊन साचतो आणि दगडाचे पापुद्रे सुटू लागतात. सिमेंटचा गिलावा मात्र शाबूत दिसतो, म्हणून दोष दगडाला मिळतो. आपल्याकडच्या जुन्या गवंड्यांना हे ठाऊक होतं. चुना घाणीत मळून, भिजवून, त्यात गूळ आणि हिरड्याचं पाणी घालून ते काम करत. ती घाणी आता कुठे दिसत नाही.

1995 मध्ये मुंबईत वारसा इमारतींसाठी नियमावली आली. देशात असे नियम करणारं हे पहिलं शहर. राजाबाई टॉवर अर्थातच पहिल्या श्रेणीत गेला. श्रेणी मिळाली तरी छप्पर गळायचं थांबत नाही, त्यासाठी पैसा लागतो. तो मिळाला 2013 मध्ये. इंडियन हेरिटेज सोसायटीच्या मुंबई शाखेने पुढाकार घेतला, टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने चार कोटींहून अधिक रक्कम दिली, आणि वास्तुविशारद ब्रिंदा सोमाया यांच्या सोमाया अँड कलप्पा या संस्थेकडे काम गेलं. रंगीत काचांची जबाबदारी त्या कलेच्या जाणकार स्वाती चांदगडकर यांच्याकडे होती. दोन वर्षांत, 2015 पर्यंत, छत, दगडकाम, लाकूडकाम, जमिनीच्या फरश्या आणि खिडक्या यांवर काम झालं.

अशा कामात नवं बसवण्याआधी बराच वेळ जुनं काढण्यात जातो. काचेच्या खिडकीचं उदाहरण घ्या. अशी खिडकी दुरुस्त करायची तर प्रथम तिचा फोटो आणि नकाशा होतो, प्रत्येक तुकड्याला क्रमांक पडतो, मग चौकट उतरवून टेबलावर उलगडली जाते, काच हलक्या हाताने स्वच्छ होते, फुटलेली काच शक्य तर जोडली जाते आणि अगदीच गेली असेल तर त्या रंगाची नवी काच शोधून भाजावी लागते. शिशाच्या पट्ट्या नव्याने घालतात. दगड धुतानाही तेच पथ्य असतं. वाळूचा झोत मारला तर भिंत एका दिवसात लख्ख होते, पण दगडाची वरची कातडी सोलून निघते आणि पुढच्या पावसाला तो दुप्पट पाणी पितो. म्हणून पाणी, मऊ ब्रश आणि भरपूर संयम.

2018 हे वर्ष या इमारतीला भरभरून देऊन गेलं. जून अखेरीस ओव्हल मैदानाभोवतालच्या व्हिक्टोरियन गॉथिक आणि आर्ट डेको इमारतींच्या समूहाला युनेस्कोने जागतिक वारशाचा दर्जा दिला. मैदानाच्या पूर्वेला एकोणिसाव्या शतकातला दगड आणि पश्चिमेला विसाव्या शतकातलं काँक्रीट, अशी ही समोरासमोरची जोडी. त्याच वर्षी युनेस्कोच्या आशिया-पॅसिफिक वारसा संवर्धन पुरस्कारांत राजाबाई टॉवर आणि ग्रंथालयाच्या कामाचा सन्माननीय उल्लेख झाला.

बक्षिसामुळे इमारत सुरक्षित होते असं मात्र नाही. याच ब्रिंदा सोमाया यांनी अहमदाबादच्या आयआयएममधलं, लुई कान यांनी बांधलेलं विक्रम साराभाई ग्रंथालय सावरलं आणि त्यालाही 2019 साली युनेस्कोचा पुरस्कार मिळाला. पुढच्याच वर्षी संस्थेने कान यांच्याच अठरापैकी चौदा वसतिगृह इमारती पाडायचं जाहीर केलं. जगभरातून ओरड झाल्यावर 2021 च्या पहिल्या दिवशी तो निर्णय मागे घेतला गेला. ग्लासगोचं उदाहरण तर अधिक बोलकं. तिथल्या स्कूल ऑफ आर्टची चार्ल्स रेनी मॅकिंटॉश यांनी बांधलेली इमारत 2014 मध्ये आगीत सापडली, तिचं प्रसिद्ध ग्रंथालय जळून गेलं. कोट्यवधी पौंडांचं पुनरुज्जीवन चालू असतानाच 2018 मध्ये पुन्हा आग लागली आणि जवळजवळ सगळंच गेलं.

राजाबाई टॉवरच्या नशिबाने तो अजून कामात आहे. खाली ग्रंथालय चालतं, वर घड्याळ चालतं. धून आता एकच, दर पंधरा मिनिटांनी. इमारतीत रोज माणसं वावरली की गळती पहिल्याच पावसात ध्यानात येते आणि कुणीतरी तक्रार करतं. कुलूप लागलेल्या वारशाबद्दल तक्रार करणारं कुणी नसतं. संवर्धनासाठी एकदा मिळालेल्या चार कोटींपेक्षा दरवर्षी पावसाळ्याआधी पन्हळी साफ करणारा माणूस जास्त मोलाचा असतो, आणि अंदाजपत्रकात नेमकी त्याचीच तरतूद राहून जाते.

हे झालं मुंबईचं. खामगाव ज्यात आहे त्या बुलढाणा जिल्ह्यात प्राचीन आणि मध्ययुगीन वारशाकडे निदान लक्ष तरी असतं. लोणारचं दैत्यसूदन मंदिर पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात आहे. सिंदखेडराजाला 2024 मध्ये लखुजीराजे जाधवांच्या समाधीचं संवर्धन चालू असताना आजूबाजूची माती हटवली तेव्हा एका शिवमंदिराचे अवशेष आणि त्यानंतर शेषशायी विष्णूची देखणी मूर्ती निघाली. दुरुस्तीचं काम नीट केलं तर काय हाती लागतं त्याचा हा ताजा दाखला. पण राजाबाई टॉवरच्या वयाचं, म्हणजे एकोणिसाव्या आणि विसाव्या शतकाच्या आरंभीचं जे जिल्ह्यात आहे, त्याला कुणी वाली नाही. जुने जिन-प्रेस, अडतीची दुकानं, व्यापाऱ्यांचे वाडे, पहिल्या शाळा, कचेऱ्या, रेल्वेच्या दगडी इमारती ‘जुनाट’ म्हणून पडतात किंवा सिमेंटखाली गाडल्या जातात.

मुंबईची नियमावली कामी आली, कारण तिच्याआधी इमारतींची यादी झाली होती. खामगाव, मलकापूर, शेगाव, मेहकर, बुलढाणा इथल्या महाविद्यालयांच्या इतिहास विभागांनी नगरपालिकांना सोबत घेऊन अशी यादी करायला घ्यावी. इमारतीचा फोटो, मालकी, बांधणीचं साल, दगड कुठला, गिलावा चुन्याचा की सिमेंटचा, एवढी नोंद विद्यार्थी करू शकतात. सुरुवात खामगावच्या कापूस पेठेपासून करावी, कारण तिथल्या इमारती सर्वांत वेगाने जात आहेत.